तोंड धुणाऱ्या काकू

पांढरकवड्याच्या माझ्या घरमालकीणबाईंना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, गाल मात्र पक्के राहायचे. फाटकाशी कोणी आलं की त्या खिडकीतून डोकावायच्या आणि म्हणायच्या, "ये वं. तू ती तेलकट नाकाची ना, पाटणबोरीची? काय म्हणते नाक?" जसं काही नाक हे त्या बाईचं धाकटं लेकरू आहे आणि मागच्या खेपेला त्याला ताप होता.

सगळं गाव त्यांना काकूच म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं आणि मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी तेव्हा नुकतीच कृषी सहायक म्हणून लागले होते. माहेर फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. खोली बघायला गेले त्या दिवशी काकूंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, रात्री किती वाजता येशील तेही विचारलं नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "स्कार्फ रोज धुते का?"

मी म्हटलं, "रोज कुठून, काकू? आठवड्यातून."

"मंग इथं राहाचं असन तं रोज धुवा लागन."

हीच काय ती त्यांची अट. आमच्या भागात दुचाकीवर जाणाऱ्या बाया-पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड गुंडाळतात. ऊन, धूळ, हायवेच्या ट्रकांचा धूर, सगळ्यापासून बचाव. पण भादव्यात पाऊस उघडला की त्या कापडाच्या आत जे होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. वरून ऊन, खालून ओल्या जमिनीची वाफ. कपाशीत उभं राहिलं की घाम नुसता गळायचा, वाळायचं नाव घ्यायचा नाही. कूलर लावावा तर अंग आणखी चिकट. संध्याकाळी मी फाटकातून आत आले की काकू आधी स्कार्फ ओढून घ्यायच्या आणि बादलीत टाकायच्या. "तोंड धुतलं अन् कालचाच घाम पुन्हा गुंडाळला, तं धुतलं कायले?" त्यांच्या दोरीवर शेजारणींचे, गिऱ्हाइकांचे, माझे असे रंगीबेरंगी स्कार्फ कायम वाळत असायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, घरात लग्नकार्य आहे.

काकू ठेंगण्या, गोल, केसांचा घट्ट अंबाडा. दोन्ही गालांवर तपकिरी वांग होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाहीत. एखादी खवट बाई म्हणायची, "काकू, तुमचेच वांग जाऊन नाही राह्यले, आमचे काय घालवसान?"

"मी घालवते म्हणून कवा सांगतलं? मी तोंड धुऊन देते. बस."

आणि खरंच, त्या पार्लरात मुख्य काम तेच होतं. नवरा एसटीत कंडक्टर होता. लेक शाळेत असतानाच तो गेला. मग काकू नागपूरला बहिणीकडे राहून पार्लरचा कोर्स शिकून आल्या. कोर्समधलं निम्मं त्यांनी घरी येताच सोडून दिलं. ब्लीच करायच्या नाहीत. भादव्यात कोणी चेहऱ्याला वाफ मागितली तर दार दाखवायच्या. "बाहेर आभाळ फुकट वाफ देऊन राह्यलं, जाय, उभी राह्य अंगणात." वाफेचं मशीन होतं त्यांच्याकडे. त्यापुढे त्या सर्दी झालेल्या पाहुण्यांना बसवायच्या.

आलेल्या बाईला आधी पंख्याखाली नुसतं बसायला लागायचं. घाम वाळल्याशिवाय काकू हात लावायच्या नाहीत. मग कोपरापर्यंत स्वतःचे हात धुणार, नखं तपासणार आणि थंड पाण्याने, बोटांच्या पेरांनी, अगदी हळू तोंड धुणार. साबणाचा फेस असा लावायच्या की लावला की नाही ते कळू नये. नाकाच्या कडेला, हनुवटीच्या खाली, केसांच्या मुळाशी, जिथे घाम आणि तेल साचून बारीक पुळ्या येतात तिथे बोट रेंगाळायचं, पण जोर करायचं नाही. काळे ठिपके घासून काढा म्हणून बाया हट्ट धरत. "नाक आहे का फरशी?" काकू विचारायच्या. एकीने आरशात वाकून बघत म्हटलं होतं, "हे भोकं बंद करून द्या ना काकू, लई मोठे दिसतात." काकूंनी हात थांबवला. "घर बांधलं अन् खिडक्या बुजवल्या, तं राहशील का त्याच्यात? घामाले बाहेर कुठून काढू? कानातून?"

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं मी म्हणणार नाही. कोणी काही सांगितलं की ते त्या आधी स्वतःच्या जबड्याखाली लावून बघायच्या. लिंबू लावून एकदा चांगला फोड आणला होता. त्याचा डाग राहिला, तो त्या सगळ्यांना मान वर करून दाखवायच्या. रागाने पुळ्या येतात यावर तर त्यांची श्रद्धाच होती. तोंड धुतल्यावर अर्धा घंटा भांडायचं नाही, कोणाचं वाईट बोलणं ऐकायचंही नाही, असा नियम. पुढच्या गल्लीतली एक नवी सून येऊन गेली की काकू तिच्या सासूला फोन लावायच्या, "बाई, आता अर्धा घंटा पोरीले काही म्हणू नका. कातडी उघडी आहे तिची." सासू बिचारी ऐकायची. हळूहळू गल्लीतल्या सुनांना ते कळलं. घरात आवाज चढायला लागला की एखादी पटकन मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारायची आणि ओलं तोंड घेऊन बाहेर यायची. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग? बरोबरच आहे ना."

काकूंनी पहिल्यांदा माझं तोंड धुतलं ते मात्र अशा हसऱ्या दिवशी नाही.

नोकरीचा दुसरा भादवा होता. माझ्या गालांवर, कपाळावर पुळ्या उठल्या होत्या. त्यातून याडी, म्हणजे माझी आई, फोनवर रोज स्थळांचं बोलायची आणि शेवटी म्हणायची, "जरा तोंडाकडे बघ. उन्हात किती काळी होऊन राह्यली." ऑफिसातल्या एकीने एक ट्यूब आणून दिली. मेडिकलमध्ये मिळते, चिठ्ठी लागत नाही, म्हणाली. काकूंना न सांगता मी ती रोज रात्री लावू लागले. आठवड्याभरात जादू झाली. पुळ्या गेल्या, रंग उजळला, गाल काचेसारखे. ऑफिसात सगळे विचारू लागले. याडी व्हिडिओ कॉलवर नुसती बघत राहायची. मी स्वतःलाच इतकी कधी आवडले नव्हते, ते दिवस खोटे होते असं मला अजूनही म्हणवत नाही.

काकू मात्र काही दिवस माझ्याकडे वाकडी मान करून बघत होत्या. दिवाळीच्या सुमाराला ऊन लागलं की गाल भाजल्यासारखे व्हायला लागले. ट्यूब एक दिवस चुकली तर तोंड लाल, खाज, बारीक पुरळ. पुन्हा लावली की शांत. एका सकाळी मी स्कार्फ बांधत होते आणि काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दाखव."

"काय?"

"जे लावून राह्यली ते."

मी ट्यूब दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग खाटेवर बसल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "काहून वं पोरी? एवढं काय वाईट होतं तुह्यं तोंड?"

मला रडू आलं. त्यांनी जवळ ओढलं नाही, डोळे पुसले नाहीत. "रडून घे," म्हणाल्या. "मंग यवतमाळले जाऊ. हे माह्या हातचं काम नाही."

त्याच दिवशी आम्ही एसटीने यवतमाळला गेलो. कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून जेमतेम मोठ्या. काकू त्यांच्यासमोर परीक्षेला बसल्यासारख्या हात जोडून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघितली आणि समजावून सांगितलं. यात स्टिरॉइड आहे. सवय लागते, कातडी पातळ होते. सोडल्यावर आधी चेहरा फार बिघडेल, मग सुधारेल, काही महिने जातील. गोळ्या दिल्या, एक साधं मलम दिलं. काकूंनी विचारलं, "हळद-बेसन चालन का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो काकू, सध्या काहीच नको. फक्त पाणी आणि हे मलम." एवढ्या वर्षांचं त्यांचं उटणं त्या एका वाक्यावर गेलं. घरी आल्यावर त्यांनी डबा माळ्यावर चढवला आणि म्हणाल्या, "बाई हुशार आहे. गालही चांगले आहेत."

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात आणि आठवल्याशिवाय राहवतही नाही. तोंड सुजलं, सोलपटं निघाली, पाणी लागलं तरी चटका बसायचा. मी रजा टाकली. आरशात बघवत नव्हतं. काकू सकाळ-संध्याकाळ पाटावर समोर बसायच्या, तांब्यातलं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायच्या आणि मग माझ्या तोंडावर सोडायच्या. बोट लावायच्या नाहीत, नुसतं पाणी. त्या वेळी त्या गिऱ्हाइकांशी बोलतात तसं बोलायच्या नाहीत. नवऱ्याबद्दल सांगायच्या. ड्युटीवरून आला की शर्टाची कॉलर काळी असायची, दिवसभर गर्दीत उभा राहून. एकदाही त्यानं तोंड न धुता जेवायला हात लावला नाही, असं म्हणायच्या आणि थांबायच्या. मी डोळे मिटून असायचे, म्हणून त्यांना सांगता येत असावं.

नेमकं त्यातच स्थळ आलं. मुलगा तेलंगणाकडच्या एका तांड्यावरचा, शिकलेला, हायवेने नागपूरला चालले होते, वाटेत पांढरकवड्यात मुलगी बघून जाऊ म्हणाले. मी याडीला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण तिला ते किती कळलं देव जाणे. बापू, म्हणजे माझे वडील, आणि ती सकाळच्या गाडीने आले.  मला बघताच याडीने पिशवीतून पावडर, क्रीम, काय काय काढलं आणि मला समोर बसवलं.

काकू मधे आल्या. "आज तिच्या तोंडाले काही लागनार नाही."

"बाई, एक घंट्याचं काम आहे," याडी म्हणाली. "लोक वाटेत आहेत. लेकरू माझं आहे."

"हाव, तुमचंच आहे. मी कुठं माह्यं म्हणून राह्यली? पण जखमेवर कोणी पुट्टी मारते का, सांगा."

याडी माझ्याकडे बघत होती, काकू माझ्याकडे बघत होत्या. मला पावडर हवी होती. आग झाली असती तरी हवी होती. तोंड उघडलं तर तेच निघणार होतं, म्हणून मी गप्प बसले. शेवटी याडीनेच हातातला डबा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. पार्लरच्याच खोलीत सोफ्यावर बसले. मी पाण्याचे ग्लास घेऊन गेले. मामांनी बघितलं आणि ग्लास हातातच धरून ठेवला. मुलगा मोबाईलकडे बघायला लागला. कोणी काही बोलायच्या आत काकूंनी खुर्ची ओढली.

"मी हिची घरमालकीण. आधीच सांगून देते, हे हिचं खरं तोंड नाही. गोरं होण्याच्या ट्यूबनं असं झालं. औषध चालू आहे, दोन-चार महिन्यांत बरी होईन. पाहाचं असन तं तवा या. आज चहा घ्या."

मामा खाकरले. बापू जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता ही माणसं उठतील. मुलाच्या आईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि हात धुवायचे आहेत म्हणून आत आली. मी तिला मोरी दाखवली. तिने नळ सोडला, हात मात्र धुतले नाहीत. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "त्या ट्यूबचं झाकण कोणत्या रंगाचं होतं?"

मी सांगितलं.

तिने पदर मागे घेतला. गालांवर लाल रेषांचं जाळं, वरच्या ओठावर लव, कातडी इतकी पातळ की हात लावायची भीती वाटावी. "मुलीच्या लग्नापासून लावते," ती म्हणाली. "घरात कोणाला माहीत नाही. सोडून बघितलं, तर आग होते."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं की बघूनच ओळखलं, कोण जाणे. त्या बाईचं मनगट धरून तिला दुसऱ्या दाराने आतल्या खोलीत नेलं, पाटावर बसवलं आणि तांब्या मागितला. मी पाणी भरून दिलं. दारात याडी येऊन उभी राहिली होती. बाहेर मामांचा आवाज येत होता, उशीर होतो म्हणून. चहा निवला असणार.  त्या बाईने डोळे मिटले होते आणि काकू तिच्या गालावर पाणी सोडत होत्या, मनगटावर बघून, थोडं थोडं.

स्थळ जुळलं नाही. महिन्याभराने नकाराचा निरोप आला. पण ती बाई येत राहिली. काकूंनी तिलाही यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, परत येताना दोघी पेरू खात बसमधून उतरल्या. तिच्या मुलाचं दुसरीकडे ठरलं तेव्हा पत्रिका काकूंना आली, मलाही आली. याडी त्या दिवसापासून माझ्या तोंडाबद्दल काही बोलली नाही. फोन ठेवताना विचारायची, "काकू कशा आहेत?"

उन्हाळ्यापर्यंत माझा चेहरा परत आला, पुळ्यांचे दोन-चार डाग घेऊन, मूळच्या सावळ्या रंगाचा. पुढे माझी बदली राळेगावला झाली, लग्न झालं, तिथलीच झाले. खोली सोडताना काकू म्हणाल्या, "स्कार्फ धुत जाजो." एवढंच.

त्यानंतर दोन वर्षांनी काकू पडल्या, खुबा मोडला, आणि हैदराबादहून लेक येऊन त्यांना घेऊन गेली. लेक तिकडे मोठ्या कंपनीत होती. तिला मी दोन-तीनदाच पाहिलं होतं. नीटनेटकी, कमी बोलणारी, आईच्या पार्लरात पाय न टाकणारी. काकूंचे फोन यायचे. "इथं एसी आहे वं. घामच येत नाही. तोंड कसं कागदावानी झालं." मग फोन विरळ झाले. मी मागच्या साली भेटायला गेले.

उंच इमारतीतली थंडगार खोली, खिडकीला पडदा. काकू खाटेवर लहान झालेल्या. मला ओळखलं, पण गालाकडे बघितलं नाही. स्वतःच्या तोंडावर कोरड्या खपल्या होत्या. लेक म्हणाली, "ओल्या कपड्याने पुसते मी, पण मान फिरवते ती." मी न्हाणीघरातून पाण्याचं भांडं आणलं, टॉवेल मांडीवर पसरला, हात कोपरापर्यंत धुतले. "काकू, तोंड धुऊ का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. मी धुतलं. ते वांग आता फिके झाले होते, जबड्याखालचा डाग तसाच होता. कपाळ झालं, गाल झाले, हनुवटीखाली बोट गेलं तेव्हा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "नवरा गेल्यावर माह्या तोंडाले कोणाचा हात नाही लागला, माय."

इतक्या बायांची तोंडं त्यांच्या हातांतून गेली. माझंही गेलं. आणि त्यांचं तोंड कोण धुतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

लेक दारात उभी होती.  नंतर ती मला स्टँडवर सोडायला आली.

काकू थंडीत गेल्या. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. राळेगावात त्या दिवशी कापसाच्या गाड्या भरत होत्या, मी कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होते, आणि घरी येईपर्यंत मला रडायला आडोसा मिळाला नाही.

यंदा भादवा असा तापला की आठवण आली नाही असा दिवस गेला नाही. तोंडावर पाणी मारते, पण स्वतःचा हात स्वतःलाच लागतो, त्यात ते येत नाही. नवरा एकदा म्हणाला, "मी धुऊ का?" मी हो म्हटलं. त्याने मनापासून धुतलं. डोळ्यांत साबण गेला, आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मला काकूंची इतकी आठवण आली की मी टॉवेल तोंडावरून काढलाच नाही.

गणपतीनंतर एका संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं विचारलं.  

"आई तोंड कसं धुवायची?" ती म्हणाली. "लहानपणी मी तिला हात लावू द्यायचे नाही. मैत्रिणींसमोर लाज वाटायची. पार्लरवाली आई. तुम्हाला माहीत आहे ना, कसं धुवायची ते?"

"माहीत आहे."

"सांगाल? मी बेसिनपाशीच उभी आहे."

मी ओसरीवर बसले. तिला आधी पंख्याखाली थोडं बसायला सांगितलं. मग हात, कोपरापर्यंत. नखं बघ, म्हटलं. पाणी नळाचंच, फ्रिजचं नको. मनगटावर घे आधी. तिने फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा, आवाज लांबून येत होता.

"झालं. आता?"

"आता डोळे मिट," मी म्हटलं. "आणि सावकाश. घाई नाही."

पलीकडे पाणी वाहायला लागलं. मी फोन कानाला धरून ते ऐकत बसले.